बेवारस ऊन पाण्याची बखर

अग्नी आणि जळ या उभयतां देवतांस दंडवत. ज्यांनी अग्नी फुकट जाळिला आणि जळ फुकट तापविले त्यांस दंडवत नाही. शके अठराशे पंचाण्णव, प्रमादी नाम संवत्सरे, पौष मास, थंडी अतिशय आणि मुलखात रॉकेलचा दुष्काळ, ऐसे समयी एका राज्यात अंघोळीच्या पाण्यावरून एका निरपराध माणसास चोर ठरविले गेले, ते कसे ठरविले आणि मग सत्य कसे बाहेर आले, ती हकीकत डोळ्यांनी पाहिली तैसी लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही. तैसे राज्य त्या काळी दर इमारतीत दर मजल्यास एक होते आणि प्रत्येकास वाटे की आपलेच तेवढे रीतीचे.

राज्य म्हणजे दुसऱ्या मजल्यावरील तीन खोल्या, पूर्वेस गॅलरी, पश्चिमेस मोरी. गादीवर त्र्यंबकराव महाराज, खजिन्याच्या कचेरीतून सेवानिवृत्त जाहलेले, सिंहासन वेताची आरामखुर्ची. त्यांचे कुटुंब मातुःश्री द्वारकाबाई. पुत्र युवराज मधुसूदनराव, विम्याच्या कचेरीत नोकरीस, स्वभावे गरीब, बापापुढे तोंड न उघडणारे. युवराजांचे कुटुंब शरयूबाई, लग्न होऊन पाच वर्षे जाहली होती. आणि राजकन्या एक, वय वर्षे चौदा, शाळेत जाणारी. तीच हे लिहिते.

पूर्वी आजोबांच्या अमदानीत राज्यात तांब्याचा बंब होता. त्याचे वर्णन काय करावे. पहाटे लाकडे आणि नारळाच्या करवंट्या पोटात घेऊन तो गुरगुरत असे, त्याच्या धुराचा वास केसांस दिवसभर राही आणि तोटीखाली बादली लावली म्हणजे वाफेत समोरचे माणूस दिसत नसे. त्या बंबाचा कायदा असा की जितके ऊन पाणी काढाल तितके गार पाणी वरून ओतावे, कारण बंब कोरडा पडला तर आतील कथलाचे डाग वितळून सांधे सुटतात. आणि ओतलेले पाणी कच्चे सोडू नये, चांगले तापू द्यावे, कारण पोटात निखारे आहेतच, ते वाया का घालवावे. कायदा शहाणपणाचा होता आणि बंबास शोभत होता. पुढे इमारतीत धुराची तक्रार जाहली, लाकडे महागली, बंब मोडीत गेला आणि त्याच्या जागी पंप मारावयाचा पितळी स्टोव्ह आणि जर्मनचे, म्हणजे अॅल्युमिनियमचे, मोठे पातेले आले. पातेल्यास डाग नाहीत, सांधे नाहीत, पोटात निखारे नाहीत. परंतु कायदा तोच राहिला. बंब गेला हे सर्वांनी पाहिले आणि कायद्याचेही काम संपले हे पाच माणसांत एकासही सुचले नाही. आज इतक्या वर्षांनी लिहिताना देखील संताप होतो तो इथे होतो.

त्यावर महाराजांचे स्वतःचे दोन हुकूम. एक असा की पाण्यास खळखळून उकळी फुटली पाहिजे, आणि ती दिसावी म्हणून पातेल्यावर झाकण घालू नये. दुसरा असा की ते उकळलेले पाणी बादलीत घेऊन त्यात तितकेच गार पाणी विसणावे आणि मग अंगावर घ्यावे. आणि मातुःश्रींचा हुकूम असा की पारोशा माणसाने विस्तवास हात लावू नये. आता वाचणाराने नीट ध्यानात घ्यावे. स्टोव्ह पेटविण्याचे काम शरयूबाईंचे, आणि पारोशा हाताने पेटवावयाचा नाही, म्हणून जी बाई साऱ्या राज्याचे पाणी तापवी ती स्वतः पहाटे पाचास गार पाण्याने अंघोळ करी आणि मग कुडकुडत स्टोव्हास पंप मारी. पाच पौष तिने ऐसे काढिले. मग महाराज, मग मातुःश्री, मग युवराज, मग शेवटी कन्या, या क्रमाने ऊन पाणी घेत आणि जो तो घेतले तितके भरून ठेवी. कन्या शेवटची, तीही अंघोळ करून पातेले काठोकाठ भरी आणि शाळेस पळे. स्टोव्ह जळतच राही. शरयूबाईंस स्वयंपाकघरातून सवड होऊन त्या मोरीत येत तोवर पातेल्यास पुन्हा उकळी फुटलेली असे, मग त्या स्टोव्ह बंद करीत आणि ते पाणी दुपारपर्यंत निवून जाई. कोणी विचारिले नाही.

मार्गशीर्षाच्या आरंभी रेशनवर रॉकेल निम्मे जाहले. महिन्याचा डबा विसाव्या दिवशी वाजू लागला. महाराजांनी दरबार भरविला आणि विचारिले की रॉकेल जाते कोठे. प्रथम संशय स्टोव्हावर गेला, म्हणून स्टोव्ह दुरुस्त करणारे हुसेनभाई यांस पाचारण जाहले. त्यांनी मोरीत बसून स्टोव्ह सगळा उकलला, पिन मारली, वॉशर पाहिला, जुळवून पेटविला आणि म्हणाले की स्टोव्हात काही खोट नाही, थेंब गळत नाही. मग त्यांची नजर पातेल्याकडे गेली.

"साहेब, हे एवढं उकळून मग त्यात गार ओतता?"

"विसण घेतल्याशिवाय अंघोळ होते का?" महाराज बोलिले.

"मग अंगाला सोसेल तेवढंच तापवा की. आणि वर झाकण टाका. तुमचं निम्मं रॉकेल ह्या छताला ऊब देतंय."

महाराजांस हे रुचले नाही. स्टोव्ह दुरुस्त करणाराने स्टोव्हापुरते बोलावे ऐसे म्हणून त्यांनी हुसेनभाईंची मजुरी देऊन बोळवण केली. परंतु शरयूबाई दारात चहाचा कप घेऊन उभ्या होत्या आणि त्यांनी ते ऐकले.

मग महाराजांनी काटकसरीचा पहिला हुकूम काढिला. काय काढिला तर सूनबाईंचा दुपारचा चहा बंद. कपभर पाणी. हंड्याएवढे पातेले उघड्या तोंडाने खदखदत होते ते कोणास दिसले नाही, कपभर पाणी दिसले. चहा बंद होऊनही पंधरवड्यात फरक पडला नाही आणि मग मातुःश्रींनी दुसरा संशय काढिला, तो विषारी होता.

शरयूबाईंस एक धाकटा भाऊ, सदानंद. त्याच गावात छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळविण्याचे काम करी, चौघांत मिळून एका खोलीत राही आणि दर गुरुवारी सुटी म्हणून बहिणीस भेटावयास येई. खांद्यास खादीची पिशवी. येताना पिशवीत आम्हांसाठी छापखान्यातील पाठकोरे कागद असत, त्यांवर आम्ही गणिते सोडवीत असू, आणि जाताना बहीण दोन भाकऱ्या आणि चटणीची पुडी घाली. मातुःश्री म्हणाल्या की पिशवी येते हलकी आणि जाते जड, बाटली काय आणि भाकरी काय, कापडातून दिसते थोडेच. महाराज नको म्हणाले नाहीत.

संक्रांतीस सदानंद तिळगूळ घेऊन आला. मातुःश्री दारातच उभ्या. त्यांनी तिळगूळ घेण्यासाठी हात पुढे करावा तसा केला, आणि त्याच्या खांद्यावरून पिशवी उतरवून घेतली, तोंड उघडिले आणि आत नाक घातले. समोरच्या बिऱ्हाडाच्या बायका वाण देण्यास निघाल्या होत्या, त्या जिन्यात थांबल्या.

"येतोय वास," मातुःश्री बोलिल्या. "रॉकेलचाच आहे."

आणि वास खराच होता. सदानंदाचे कान लाल जाहले. तो म्हणाला, "मावशी, छापखान्यात खिळे रॉकेलनं धुतात. माझ्या हातांनाही वास आहे. बघा." आणि त्याने दोन्ही हात पुढे केले. कोणी पाहिले नाहीत. महाराज आरामखुर्चीतून म्हणाले की आता सगळेच उघड आहे, अधिक बोलणे नको. युवराज गॅलरीत जाऊन उभे राहिले. आम्ही राजकन्या त्याच्याच पाठकोऱ्या कागदांवर रेघा ओढीत बसलो होतो. त्या कागदांस तो वास पाच वर्षे येत होता, आम्हांस तो ठाऊक होता, आणि आम्ही तोंड उघडिले नाही. सदानंदाने पिशवी मागून घेतली, "निघतो, अक्का" इतके म्हणाला आणि जिना उतरला. पुढचा गुरुवार आला आणि सदानंद आला नाही. त्यापुढचाही गेला.

शरयूबाई रडल्या नाहीत. त्यांनी झाडूची एक लांब काडी घेतली आणि ती रोज चार वेळा डब्यात उभी बुडवू लागल्या. अंघोळीच्या स्टोव्हात रॉकेल भरण्याआधी एकदा आणि भरल्यावर एकदा, तैसेच स्वयंपाकाच्या वातीच्या स्टोव्हाचे. काडी किती बोटे भिजली ते कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने लिहीत. आठ दिवसांत दिसून आले की दोन वेळचा स्वयंपाक, सकाळचा चहा आणि दुधाचे तापविणे मिळून जितके रॉकेल लागते त्याच्या दुप्पट एकट्या अंघोळीचा स्टोव्ह पितो. आणि डबा अमुक बोटांनी उतरला तर ती सगळी बोटे या दोन स्टोव्हांच्या पोटात सापडतात, बाटलीभर देखील मधल्या मध्ये गेलेली नाही. मग त्या विचार करू लागल्या की चार माणसांच्या अंघोळीस इतके कसे लागते, आणि एके सकाळी मोरीत स्टोव्ह बंद करावयास आल्या तो उकळत्या पातेल्याकडे बघत उभ्या राहिल्या.

पुढील रविवारी सर्वांच्या अंघोळी आटोपल्या, महाराज वर्तमानपत्र घेऊन बसले, तेव्हा शरयूबाई पदर खोचून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मामंजी, जरा मोरीत येता?" पाच वर्षांत महाराजांस कोणी मोरीत बोलाविले नव्हते. ते कुतूहलाने उठले, त्यांचे मागे मातुःश्री, त्यांचे मागे आम्ही. युवराज दाराशी.

"पातेल्यात बोट घाला."

महाराजांनी बोट घातले आणि चटकन काढून तोंडात धरिले.

"तुमची अंघोळ झाली?" शरयूबाईंनी विचारिले. जाहली म्हणाले. मग मातुःश्रींस विचारिले, जाहली. युवराजांस, जाहली. आम्हांस, जाहली. "माझी पाचला झाली, गार पाण्यानं. मग हे कोणाचं पाणी?"

कोणाचेच नव्हते. मोरीत स्टोव्हाचा आवाज तेवढा होत होता.

"रोज असं एक पातेलं उकळतं," त्या म्हणाल्या. "पाच वर्षं. सदानंदाच्या पिशवीतून गेलं म्हणता ते रॉकेल इथं गेलं." आणि कॅलेंडर पुढे धरिले.

महाराजांनी कॅलेंडर पाहिले. खजिन्याच्या कचेरीत जन्म गेलेला, आकडे त्यांस वाचता येत होते. ते म्हणाले की शेवटी पाणी भरितो कोण. आता भरीत होतो ते आम्ही, हे शरयूबाईंस पक्के ठाऊक होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलेही नाही. म्हणाल्या, "रीत आहे म्हणून भरलं जातं. कुणा एकाचं नाही." मग महाराज सिंहासनावर परत गेले आणि तेथून नवा हुकूम काढिला की उद्यापासून शेवटच्याने भरू नये, पाणी अंगास सोसेल इतकेच तापवावे, पातेल्यावर झाकण असावे. जणू त्यांच्याच डोक्यातून निघाले. हुसेनभाईंनी सांगितले तेव्हा अपमान जाहला होता, सुनेने काडीने मोजून दाखविले तेव्हा तो हुकूम जाहला. आम्हांस वाटिले प्रकरण मिटले.

शरयूबाई तेथेच उभ्या राहिल्या. "सदानंदाला पत्र लिहा," त्या म्हणाल्या. "पिशवीचा वास घेऊन त्याला चोर ठरवलं, ते चुकलं, एवढं लिहा."

महाराज हसले. सुनेच्या भावास सासऱ्याने माफीचे पत्र लिहावे ऐसे कोणत्या राज्यात घडते, असे विचारू लागले. घरच्या गोष्टी घरात राहतात, पोर आहे, विसरून जाईल. त्यावर शरयूबाई इतकेच बोलिल्या, "मग ते पत्र पेटीत पडेपर्यंत अंघोळीचा स्टोव्ह माझ्या हातून पेटणार नाही." आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी नेहमीप्रमाणे गार पाण्याने अंघोळ केली, वातीच्या स्टोव्हावर चहा केला, पोळ्या केल्या, युवराजांचा डबा भरिला, सर्व कामे केली आणि मोरीकडे पाठ फिरविली. फक्त मातुःश्रींचे गुडघे धरीत म्हणून त्यांना वातीच्या स्टोव्हावर पातेलीभर पाणी, वर ताटली झाकून, तापवून देत. महाराजांनी म्हटले की स्टोव्ह पेटविणे म्हणजे काय मोठे शास्त्र आहे, आणि स्वतः मोरीत बसले. स्पिरिट जास्त ओतिले, बर्नर तापण्याआधी पंप मारिला, ज्वाळा छतास गेली आणि महाराजांच्या डाव्या भुवईचे केस गेले. दुसऱ्या दिवशी पिन आत मोडली. मग ते गार पाणी घेऊ लागले. पहिल्या तांब्यास जो आवाज त्यांच्या तोंडून निघे तो खालच्या मजल्यावर ऐकू जाई. युवराज आणि आम्ही विनातक्रार गार पाणी घेतले, कारण तक्रार करण्याचे तोंड नव्हते. सहाव्या दिवशी महाराजांस पडसे जाहले आणि ते रजई पांघरून सूनबाईंच्या हट्टाविषयी बोलू लागले, तेव्हा मातुःश्री तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "मी बत्तीस वर्षं पाचला गार पाण्यानं अंघोळ केली. तेव्हा कुणी शिंकलं नाही या घरात."

सातव्या दिवशी महाराजांनी पोस्टकार्ड मागविले आणि लिहिले: रॉकेलचा उलगडा झाला, गैरसमज नसावा. शरयूबाईंनी वाचले आणि परत दिले. "यात पिशवी नाही."

आठव्या दिवशी दुसरे कार्ड: आपली पिशवी पाहण्यात आली याबद्दल दिलगीर आहोत. "पाहिली नाही," शरयूबाई म्हणाल्या, "हुंगली. जिन्यात सगळ्यांसमोर. आणि 'आपली' कोणाला? एरवी त्याला 'अरे' म्हणता."

नवव्या दिवशी महाराज लेखणी घेऊन बसून राहिले. मातुःश्री आल्या, त्यांच्या शेजारी खाली बसल्या आणि म्हणाल्या, "हुंगली मी. माझं नाव आधी घाला." मग कार्ड लिहिले गेले: चि. सदानंद, संक्रांतीस दारात तुझ्या पिशवीचा वास घेऊन तुला चोर ठरविले. तू खरे सांगत होतास. चूक आमची. खाली द्वारका आणि त्र्यंबक अशी दोन नावे. शरयूबाईंनी दोनदा वाचले. युवराजांनी ते स्वतः नेऊन पेटीत टाकिले आणि परत आले तेव्हा पाच वर्षांत प्रथमच बायकोस सर्वांदेखत म्हणाले, "उद्या तुझं पाणी मी तापवतो. तू झोप."

मातुःश्रींच्या तोंडून सवयीने निघून गेले की पारोशा हाताने विस्तव कसा पेटवायचा. महाराज रजईतून म्हणाले, "पेटवू दे गं." दुसऱ्या दिवशी युवराजांनी हुसेनभाईंकडून मोडकी पिन काढून आणलेला स्टोव्ह पेटविला, एका बादलीपुरते पाणी घेतले, वर झाकण टाकिले, वाफ काठाशी दिसताच बंद केला. शरयूबाई मोरीत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. महाराज पंचा खांद्यावर टाकून दाराशी फेऱ्या घालीत होते. दोन वेळा खाकरले. दार ठोठावले नाही.

सदानंद त्यानंतरच्या गुरुवारी आला. मातुःश्रींनी स्वतः चहा केला, त्यास शेजारी बसविले. तो सर्वांशी नीट बोलिला, हसला देखील. परंतु त्या दिवसापासून तो या राज्यात आला तो पिशवीवाचून, दोन्ही हात मोकळे ठेवून आला. बहिणीने भाकरी बांधून दिली तर येथेच खाऊन जाई. पाठकोरे कागद पुन्हा आले नाहीत. कोणी मागितले नाहीत.

ऐसे वर्तमान जाहले. पुढल्या महिन्यात रॉकेलचा डबा तिसाव्या दिवसापर्यंत पुरून तळाशी दोन बोटे उरला, दुपारचा चहा परत सुरू जाहला, आणि महाराज आल्यागेल्यास झाकणाचे महत्त्व सांगू लागले. पाणी लागेल तितकेच घ्यावे, झाकून तापवावे, आधी उकळून मग गार करू नये, शेवटच्याने भरू नये; इतके कळावयास एका राज्यास पाच वर्षे लागली आणि ते कळण्याआधी चोर सापडावयास एक संक्रांत पुरली. त्या कार्डावर नावे दोन होती, तीन हवी होती. शेवटचे पातेले भरणारा हात आमचा आणि वास ठाऊक असून मिटलेले तोंडही आमचे. वहिनींनी आमच्याकडे कधी पत्र मागितले नाही. न मागितलेले हे लिहून दिले आहे.